तारा लावल्यावर मुळं आखूड झाली, आता तारा काढून टाकायच्या का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. वरचे दात पुढे होते म्हणून वरच्या दोन उपदाढा काढून तारा लावल्या, त्याला चौदा महिने झाले. परवा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तर पुढच्या चार दातांची मुळं आखूड झाली आहेत असं डॉक्टर म्हणाले आणि ‘तीन महिने काहीच करायचं नाही’ असं सांगून घरी पाठवलं. ताईंनी इंटरनेटवर वाचलं की हे ‘इन्फ्लमेशन’मुळे, म्हणजे दाहामुळे होतं आणि सायटोकाइन नावाचे पदार्थ मूळ खातात. आता त्या विचारतात: हे इन्फेक्शन आहे का? सूज उतरवणारी गोळी सुरू करू का? हळदीचं दूध देतेच आहे. रक्ताची काही तपासणी असते का? तारा लगेच काढाव्यात का? अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे लावले असते तर हे टळलं असतं का? दात पडतील का? आणि चूक कोणाची?

ताई, दात पडण्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नागपुरात बावीस वर्षं मी तारा लावण्याचंच काम करते आहे. निव्वळ मूळ आखूड झालं म्हणून दात पडलेला पेशंट माझ्या पाहण्यात एकही नाही. हिरड्या सडल्या म्हणून पडलेले दात मात्र पुष्कळ पाहिले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दाहाचं. इन्फ्लमेशन म्हणजे इन्फेक्शन नव्हे. तुमच्या मुलीच्या मुळाशी जंतू नाहीत, पू नाही. त्यामुळे अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही, कोणी लिहून दिलंच तर ‘कशासाठी?’ असं जरूर विचारा. हा जंतूंविना होणारा दाह आहे आणि तो तारांनी मुद्दाम घडवून आणलेला आहे. तो झालाच नाही तर दात जागचा हलणार नाही.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा मऊ पडदा असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात आणि त्या तंतूंवर दात टांगलेला असतो. तारेने दात ढकलला की एका बाजूला हा पडदा दाबला जातो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबलेल्या बाजूच्या पेशी काही तासांतच रसायनं सोडू लागतात: प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६. यातली शेवटची तीन म्हणजेच तुम्ही वाचलेली सायटोकाइन. तार घट्ट केल्यावर दुसऱ्या दिवशी मुलं फोन करतात, ‘मॅडम, पोहेसुद्धा चावता येऊन नाही राहिले, काहून इतकं दुखून राहिलं?’ हिरडीच्या खाचेतून झिरपणाऱ्या द्रवात प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्युकिन-१ बीटा यांचं प्रमाण साधारण चोवीस तासांनी सर्वांत वर गेलेलं असतं, आणि दुखणंही तेव्हाच सर्वांत जास्त असतं. तर्रीतल्या चण्याला त्या दिवशी हात लावू नका, असं मी आधीच सांगून ठेवते.

ही रसायनं पुढे एक निरोप पोहोचवतात. दाबाखालच्या पेशी ‘रँकल’ नावाचं प्रथिन जास्त बनवतात. हे प्रथिन हाड खाणाऱ्या पेशी तयार करवून घेतं. त्याला लगाम घालणारं दुसरं प्रथिन आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन, आणि दाब आला की ते कमी होतं. (गंमत म्हणजे त्याचंही लघुरूप ओपीजीच. तुम्ही काढलेल्या एक्स-रेशी त्याचा काही संबंध नाही, पण वाचताना घोळ होतो म्हणून सांगितलं.) रँकल वाढलं, लगाम सैल झाला, की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि दात त्या मोकळ्या जागेत सरकतो. मागे ताणाच्या बाजूला नवं हाड भरत येतं. पुढे आलेले दात आत जातात ते असे.

मग मूळ का वाचतं? हाड आणि मूळ दोन्ही कॅल्शियमचीच, दोन्ही त्याच पडद्याला लागून. मुळावर सिमेंटम नावाचं आवरण असतं आणि त्याच्या अगदी वरचा पातळ थर कच्चा, म्हणजे अजून कॅल्शियम न भरलेला असतो. हाड खाणाऱ्या पेशी अशा कच्च्या थराला सहसा तोंड लावत नाहीत. हा थर शाबूत असेतोवर मूळ सुरक्षित.

घोळ होतो तो जोर जास्त झाला की. पडदा इतका चेपला जातो की त्यातल्या रक्तवाहिन्याच बंद पडतात. रक्त नाही म्हणजे त्या जागेच्या पेशी मरतात आणि उरतो काचेसारखा दिसणारा निर्जीव तुकडा. तो साफ केल्याशिवाय दात पुढे सरकत नाही, म्हणून शरीर सफाईची टोळी पाठवतं. शहरात सिमेंटचे रस्ते होत होते तेव्हाचं आठवा. जेसीबी मलबा उचलायला यायचा आणि जाता जाता कोणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीचं प्लास्टर खरवडून जायचा. इथे तेच होतं. मेलेला तुकडा खाता खाता या पेशी त्याला चिकटलेला मुळावरचा कच्चा थरही ओरबाडतात. थर गेला की खालचं कठीण सिमेंटम उघडं पडतं, मग त्याच्या आतलं डेंटीन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, आणि त्यांना खायला या पेशी तयारच असतात. मुळावर खड्डे पडतात. मुळाच्या बाजूंना पडलेले खड्डे बहुतेक भरून येतात. पण टोकाला चहूबाजूंनी खड्डे पडले तर टोकच सुटं होऊन विरघळतं, आणि एक्स-रेत मूळ बोथट दिसतं.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की ही रसायनं कमी केली की प्रश्न मिटला. वीस-बावीस वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटत होतं. पण २००३ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी तारा लावलेल्या भावंडांचा अभ्यास केला आणि निकाल उलटाच आला. इंटरल्युकिन-१ बीटा ज्यांच्यात कमी बनतं अशी जनुकाची जोडी असलेल्यांत मूळ दोन मिलिमीटरहून जास्त झिजण्याचा धोका साडेपाच पटींहून अधिक दिसला. त्याच गटाने पुढच्या वर्षी हे रसायन मुळीच न बनवणाऱ्या उंदरांवर प्रयोग केला. त्यांचीही मुळं जास्त झिजली. कारण लावायचं तर असं: हे रसायन कमी पडलं की हाड लवकर विरघळत नाही, वाट मोकळी होत नाही, आणि सगळा दाब मुळावरच रेंगाळत राहतो.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. जपानमध्ये २००६ साली मुळं फार झिजलेल्या पेशंटांच्या पडद्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाबल्या, तर त्यांनी इतरांच्या पेशींपेक्षा जास्त रँकल बनवलं. म्हणजे रसायन जास्त झालं तरी त्रास आणि कमी झालं तरी त्रास. यातून मी एवढंच घेते की या रसायनांना शत्रू समजून गोळीने मारायला जाऊ नये. आपल्या हातात आहे तो जोर, आणि तो किती दिवस लावायचा ते.

गोळीचं म्हणाल तर आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात. रोज घेत राहिलं तर दात सरकणं मंदावू शकतं आणि उपचार लांबतो. मुळं वाचवायला त्या द्याव्यात असा भरवशाचा पुरावा माणसांत नाही. तार घट्ट केल्यावर एक-दोन दिवस फार दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. हळदीचं दूध आवडत असेल तर द्या, मुळाचं औषध म्हणून नको. आणि एक विचारायचं राहिलं: मुलीला दमा किंवा थायरॉइडचा त्रास आहे का? दम्याच्या पेशंटांत मागच्या दाढांच्या मुळांची टोकं थोडी जास्त बोथट होतात असं आढळलं आहे. असं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, फाइलवर लिहून घ्यायला लावा.

रक्ताच्या तपासणीने हे कळत नाही. जनुकांच्या तपासण्यांवर पुढे बरेच अभ्यास झाले आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून त्यावर पैसे घालवू नका. हिरडीच्या खाचेतल्या द्रवात डेंटीनची प्रथिनं सापडली तर मूळ झिजतं आहे हे एक्स-रेआधी कळेल, या दिशेने काम चालू आहे. ते अजून संशोधनातच आहे, दवाखान्यात आलेलं नाही.

आज दवाखान्यात चालतो तो एक्स-रेच, आणि त्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओपीजीवर पुढच्या दातांची मुळं मोजू नयेत. ओपीजीचं यंत्र जबड्याच्या एका ठरावीक पट्ट्यातलंच स्पष्ट दाखवतं. पुढे आलेले दात आत वळवले की मुळाचं टोक त्या पट्ट्याबाहेर जातं आणि मूळ आहे त्याहून आखूड दिसतं. ओपीजी ही झीज वीस टक्के किंवा त्याहून जास्त फुगवून दाखवतो असं तुलना करून पाहिलेलं आहे. म्हणून पुढच्या चार दातांचे छोटे एक्स-रे, ज्याला आपण आरव्हीजी म्हणतो, ते काढून घ्या. एक्स-रेचा सेन्सर तोंडात ठेवायची तऱ्हा दरवेळी तीच हवी, तरच आधीचा आणि आताचा यांची तुलना होते. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. शंका उरली, किंवा वर अडकलेला सुळा शेजारच्या दाताच्या मुळाला खातो आहे असं वाटलं, तरच काढावा.

किती झीज म्हणजे किती? तारा लावलेल्या जवळपास प्रत्येकाची मुळं थोडी झिजतात. १९२७ साली अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट केचम यांनी तारा लावलेल्यांचे एक्स-रे मांडून हे दाखवलं, तेव्हापासून आम्हा लोकांना हे माहीत आहे. बहुतेकांत ती दोन-अडीच मिलिमीटरच्या आत राहते आणि कोणाला कळतही नाही. चार मिलिमीटरहून जास्त किंवा एक तृतीयांश मूळ जाणं शंभरात एक ते पाच जणांच्या वाट्याला येतं. वरच्या पटाशीच्या दातांचं मूळ साधारण तेरा मिलिमीटरचं असतं. स्वीडनमध्ये अशा पेशंटांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा मूळ नऊ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरलेले दात हलण्याची शक्यता जास्त दिसली. तुमच्या मुलीचं दोन मिलिमीटर गेलं असेल तरी अकरा उरतात. मूळ निमुळतं असतं, त्यामुळे टोकाचा भाग दाताला फारसा धरून नसतो. टोकाचं तीन मिलिमीटर जाणं हे हिरडीजवळचं एक मिलिमीटर हाड जाण्याइतकंच नुकसान आहे, असा हिशेब मांडलेला आहे. म्हणून तर सुरुवातीला हिरड्यांचं बोलले. टोक गेलेल्या दाताला वरून हाडही सोडून गेलं, तर मात्र तो दात खरंच धोक्यात. ब्रश, तारांमधला छोटा ब्रश, सहा महिन्यांनी सफाई, यात कंटाळा नको. (मोठ्या वयात तारा लावायला येणाऱ्यांत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण खाणारे बरेच असतात. खर्रा सुटल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही, त्यावरून दोन-चार भांडणंही झाली आहेत.)

आता तीन महिन्यांच्या ‘काहीच न करण्या’बद्दल, कारण तुमची खरी चिंता तीच दिसते. ताई, तो उपचारच आहे. स्वीडनच्याच डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं की तारा लावल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी ज्या दातांची टोकं किंचित झिजलेली दिसतात, त्यांचीच मुळं शेवटी जास्त झिजण्याची भीती असते. १९९४ मध्ये त्यांनी अशा पेशंटांचे दोन गट केले. एका गटाचं काम न थांबता चालू ठेवलं, दुसऱ्याचं दोन-तीन महिने थांबवलं. थांबवलेल्यांची झीज स्पष्टपणे कमी होती. जोर निघाला की मेलेला तुकडा साफ होतो, सफाईची टोळी निघून जाते, आणि सिमेंटम बनवणाऱ्या पेशी खड्डे लिंपायला लागतात. गेलेली लांबी परत येत नाही, पण कडा गुळगुळीत होतात आणि कच्चा थर पुन्हा येतो. पुढचा जोर सोसायला तोच हवा.

या काळात ब्रॅकेट काढत नाहीत. दातांवर जोर न टाकणारी तार तशीच ठेवतात, रबर आणि दात ओढणारी चेन काढून ठेवतात. मुलीला घरी रबर लावायला दिले असतील तर ते बंद आहेत ना, एवढं विचारून घ्या. नखं खाणं, पेन चावणं हेही बंद, कारण तो जोर कोणी मोजत नाही. कोचिंगच्या वर्गात पेन तोंडात असतोच, मी मुलांच्या पेनांची टोपणं पाहूनच ओळखते.

तीन महिन्यांनी सुरू करताना जोर हलका हवा. दात हिरडीकडे आत दाबायचा असेल तर मुळाच्या टोकावर सगळा भार येतो, तिथे एका दाताला दहा ते वीस ग्रॅम पुष्कळ झाले. दात बाहेर ओढण्याच्या तुलनेत आत दाबताना झीज सुमारे चौपट होते. उपदाढा काढून पुढचे दात मागे नेताना टोकाला लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून अशा पेशंटांत हा त्रास जास्त. कधी कधी ध्येयच थोडं खाली आणावं लागतं. उरलेली फट मागची दाढ पुढे आणून बंद करायची, दात अगदी पुस्तकातल्यासारखे आत न्यायचे नाहीत, काम सहा महिने आधी थांबवायचं. तुमच्या डॉक्टरांनी असं काही सुचवलं तर ते पळवाट काढत आहेत असं समजू नका. तारा आजच काढून टाकायची वेळ बहुतेकदा येत नाही. एक तृतीयांशाहून जास्त मूळ गेलं असेल, किंवा थांबूनही पुढच्या एक्स-रेत झीज वाढलेली दिसली, तर मीही काढायलाच सांगेन.

अलाइनरनेही मुळं झिजतात. काही अभ्यासांत झीज थोडी कमी दिसते, पण त्या पेशंटांचं काम मुळात सोपं असतं, तेव्हा तुलना सरळ होत नाही. दात जितका दूर न्यायचा तितका न्यावाच लागतो, मग तारेने न्या की प्लास्टिकने.

राहिला चुकीचा प्रश्न. माझीच एक गोष्ट सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक मुलगी आली होती, लग्न ठरलं होतं, घरच्यांना घाई. मुळं पिपेटसारखी, टोकाकडे एकदम बारीक झालेली. असं मूळ दिसलं की जपून राहायचं, हे मला माहीत होतं. तरी मधला एक्स-रे काढला नाही, चेन घट्ट करत गेले. तारा काढल्या त्या दिवशी पाहिलं तर वरच्या दोन बाजूच्या पटाशींचं अर्धं मूळ गेलेलं. मी तिला आणि तिच्या आईला तो एक्स-रे दाखवला, काय झालं ते सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. दात अजून तिच्या तोंडात आहेत, मागून पक्की तार चिकटवलेली आहे, वर्षातून एकदा ती येते. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात सहाव्या महिन्याचा आरव्हीजी काढल्याशिवाय पुढची तार बदलत नाही, कितीही गर्दी असली तरी.

म्हणून चूक शोधायची तर झीज झाली एवढ्यावरून शोधू नका. ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. सुरुवातीचे एक्स-रे होते का, मध्ये काढले का, झीज दिसल्यावर थांबले का, तुम्हाला सांगितलं का, हे पाहा. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, लपवला नाही, थांबले. सहा महिन्यांनी काढायला हवा तो चौदा महिन्यांनी काढला, हे त्यांना मोकळेपणाने विचारू शकता. पण दोन उपदाढा काढलेल्या, अर्धी फट उरलेली, अशा अवस्थेत डॉक्टर बदलणं फार महागात पडतं, पैशाने आणि वेळेनेही. मन मानत नसेल तर दुसरं मत जरूर घ्या. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे, तिथे दाखवता येईल.

जाताना मोबाइलवर काढलेला ओपीजीचा फोटो नेऊ नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. एक्स-रे सेंटरमधून मूळ फाइल मागून घ्या, तारा लावण्यापूर्वीची आणि आताची, दोन्ही. मुलगी लहानपणी कधी तोंडावर आपटली होती का, तेही आठवून ठेवा, दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतील.